गिरिजा ‘ए’मध्ये, मी ‘सी’मध्ये

“तू स्विमिंग पूल बघून ये, तोवर नर्सबाईंना मी एकटाच उरकून टाकतो,” असं मी गिरिजाला म्हणालो. एवढंच म्हणालो. त्यात मला तरी काही वावगं दिसत नव्हतं. एका नर्सला भेटायला दोन माणसं कशाला? मी इंजिनिअर माणूस. दोन कामं एकाच वेळी होत असताना ती एकामागून एक करणाऱ्यांचा मला राग येतो. (गिरिजाच्या मते मला पुष्कळच गोष्टींचा राग येतो. यादी देत नाही, जागा पुरणार नाही.)

तर मी श्रीरंग टेंबे. वय बहात्तर. अमेरिकेत चँडलरला एका कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत सत्तावीस वर्षं टेस्ट इंजिनिअर होतो. ते काम तसं सोपं. चिप मशीनवर ठेवायची, तिला चारशे प्रश्न विचारायचे. सगळी उत्तरं बरोबर आली तर पास, एक चुकलं तरी फेल. मग ती चिप कितीही केविलवाणी दिसो, टाकून द्यायची. मी एकाही चिपची गय केली नाही, आणि याचा मला परवापरवापर्यंत अभिमान होता.

आमचं घर दुमजली. गिरिजाचे गुडघे जिन्याला कंटाळले होते आणि मी अंगणातल्या तणाला. तेव्हा आमच्या मुलीने, रुचाने, क्युपर्टिनोहून फर्मान काढलं की तुम्ही दोघं आता रिटायरमेंट कम्युनिटीत मूव्ह व्हा. आमच्या ॲरिझोनात निवडुंगापेक्षा रिटायरमेंट कम्युनिट्या जास्त आहेत. आम्ही बघायला लागलो. मुलगी बघायला निघावं तसे नीट कपडे करून जायचो.

पहिल्या ठिकाणी रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला होतं. साडेचार ही चहाची वेळ आहे, एवढं सांगून मी उठलो. दुसऱ्या ठिकाणी दाखवणारी बाई फार गोड होती, पण किचनमध्ये ‘उग्र वासाचे पदार्थ’ चालणार नाहीत असं ती म्हणाली आणि गिरिजा सरळ गाडीत जाऊन बसली. तिसरी कम्युनिटी खास आपल्या लोकांची होती. तिथे वास चालत होते, पण सेक्रेटरी आणि माजी सेक्रेटरी यांचं आपसात बोलणं बंद होतं, आणि आम्ही कोणाच्या बाजूचे हे ठरल्याशिवाय कोणी चहा विचारीना.

चौथं थ्री पाम्स. नाव थ्री पाम्स असलं तरी झाडं दोनच आहेत. (मी मोजली. तिसरं वादळात गेलं म्हणे.) पण जागा झकास. मधे बदकांचं तळं. तळ्याच्या अलीकडे बिल्डिंग ‘ए’: स्वतःचं स्वतः करणाऱ्यांसाठी स्वतंत्र फ्लॅट, स्वतंत्र किचन, हिंगावर बंदी नाही. तळ्याच्या पलीकडे बिल्डिंग ‘सी’: ज्यांना स्वतःचं करता येत नाही अशांसाठी, चोवीस तास मदतनीस. आम्हाला अर्थातच ‘ए’ हवी होती. जाण्याआधी त्यांची नर्स दोघांना चार प्रश्न विचारते, फक्त फॉर्मॅलिटी. गिरिजाचे प्रश्न दहा मिनिटांत झाले. मग माझी पाळी आली आणि मी ते वर सांगितलेलं वाक्य बोललो.

नर्सचं नाव पॅटी. पन्नाशीची, हसतमुख. तिने विचारलं, सकाळचा नाश्ता कोण बनवतं? मी म्हणालो, माझी बायको. दुपारचं? बायको. गॅस वापरता का? मी हसून सांगितलं की मला त्याच्या जवळ जायची परवानगी नाही. औषधं? रोज बायको तळहातावर ठेवते, मी गिळतो. औषधांची नावं? सकाळी एक पांढरी, दुपारी एक पिवळी, रात्री अर्धी गुलाबी. कपडे स्वतः निवडता? निवडायचे काय, ते पलंगावर असतात. लाँड्रीची खोली घरात कुठे आहे? गराजच्या बाजूला असावी, असं मी म्हणालो. (त्या घरात आम्ही बावीस वर्षं राहतोय.)

अंघोळ? ती मात्र मी स्वतः करतो, हे मी ठासून सांगितलं. टॉवेल विसरला तर? हाक मारतो. रोज विसरतो का? रोजच, पण ती रोज देते. एकटे बाहेर गेलात तर रस्ता चुकता का? मी म्हणालो, छे, चुकायचा प्रश्नच येत नाही, बायको शेजारी बसून डावीकडे-उजवीकडे सांगत असते. काल रात्री काय जेवलात? भाजी. कसली? मी जरा आठवून म्हणालो, हिरवी.

वाचकहो, तुम्ही काय समजायचं ते समजला असाल. मला मात्र वाटत होतं की मी बायकोचं कौतुक करतोय. चारचौघांत बायकोचं कौतुक करायची आपल्याकडे हीच रीत आहे. ‘आमचं काय, सगळं हीच बघते’ हे वाक्य मी मंडळाच्या गणपतीत, लोकांच्या लग्नात, रिटायरमेंटच्या भाषणात, किमान हजार वेळा टाकलंय आणि दरवेळी लोक हसलेत. पॅटी हसली नाही. ती लिहून घेत होती. तिचा आवाज हळूहळू मऊ आणि मोठा होत गेला, आणि शेवटी तिने माझ्या हातावर हात ठेवून मला माझं नाव विचारलं. मी स्पेलिंगसकट सांगितलं. ती ‘व्हेरी गुड’ म्हणाली. माणसं किती आपुलकीची आहेत इथली, असं मी गाडीत गिरिजाला सांगितलंसुद्धा.

आठवड्याने पत्र आलं. गिरिजा टेंबे, बिल्डिंग ‘ए’, दुसरा मजला, पूलकडची बाल्कनी. श्रीरंग टेंबे, बिल्डिंग ‘सी’, तळमजला, चोवीस तास देखरेख. हातात एक पट्टा मिळेल, तो घालून मी दाराबाहेर पडलो की घंटी वाजेल. पत्नीला भेटीची वेळ सकाळी दहा ते रात्री आठ.

मी पत्र दोनदा वाचलं. मग गिरिजाच्या हातात दिलं आणि ती आता कशी भडकते ते बघत उभा राहिलो. तिने चष्मा लावून शांतपणे वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, “बाल्कनी पूर्वेची आहे का हो?”

मी म्हणालो, अगं, त्यांनी मला फेल केलंय. तुला एकीकडे, मला दुसरीकडे, मधे बदकं. तुला काहीच वाटत नाही?

“वाटतं ना,” ती म्हणाली. “पण त्यात खोटं काय लिहिलंय ते दाखवा.”

मी पुन्हा वाचलं. खोटं काही सापडलं नाही. आणि मग मला जी भीती वाटली ती सांगतो, लपवत नाही. एकेचाळीस वर्षांत आम्ही भांडलो तरी एका छताखाली भांडलो. ही बाई रात्री आठ वाजता पर्स उचलून ‘येते हं’ म्हणत तळ्याच्या पलीकडे निघून जाणार आणि मी खिडकीतून हात हलवत बसणार, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

रुचाला फोन केला. वाटलं, मुलगी तरी वडिलांची बाजू घेईल. ती म्हणाली, “डॅड, ऑनेस्टली, द नर्स इज राइट.” वर म्हणाली की अशा निकालावर अपील करता येतं, तीस दिवसांनी पुन्हा टेस्ट घेतात, तेव्हा रडत बसू नको आणि शीक. गिरिजाने लगेच अट घातली. ती शिकवील, पण हात लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोटपॅड, किचनचा काटा आणि स्टॉपवॉच घेऊन ओट्यासमोर उभा राहिलो. विषय वरण-भात. मी विचारलं, मीठ किती? ती म्हणाली, अंदाजाने. अंदाज म्हणजे किती ग्रॅम? ती म्हणाली, चिमूटभर. मग मी तिला अकरा वेळा चिमूट घ्यायला लावली, प्रत्येक चिमूट काट्यावर वजन केली आणि सरासरी काढली. (अकरावी चिमूट जरा मोठी आली. तोवर ती चिडली होती.) मोहरी तडतडेपर्यंत म्हणजे किती सेकंद, डाळ शिजली हे बाहेरून कसं ओळखायचं, या प्रश्नांना त्या बाईकडे एकच उत्तर: “कळतं.” सत्तावीस वर्षांत माझ्याकडे असा रिपोर्ट आला असता तर मी तो परत पाठवला असता.

पहिल्या आठवड्यात कुकरने माझ्यावर वरण फेकलं. दुसऱ्या आठवड्यात भात झाला, पण तो सुरीने कापून वाढावा लागला. मी लाँड्रीची खोली शोधून काढली. (गराजच्या बाजूलाच होती. मी म्हणालोच होतो.) गोळ्यांच्या डबीत वाराप्रमाणे गोळ्या भरायला शिकलो आणि अर्ध्या गुलाबीचं नाव पाठ केलं, ते आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या आडनावाएवढं लांब आहे. टॉवेल आधी नेऊन ठेवायचा, हे लक्षात राहायला मात्र तीन आठवडे लागले. एक दिवस तर गिरिजा आतल्या खोलीत हाताची घडी घालून बसून राहिली, मी वीस मिनिटं हाका मारल्या आणि शेवटी हवेवर वाळून बाहेर आलो. तिसाव्या दिवसापर्यंत माझा ‘वरण-भात टेस्ट प्लॅन’ सातव्या व्हर्जनला पोचला होता आणि वरण खरंच वरणासारखं लागत होतं.

परीक्षा ‘सी’ बिल्डिंगमधल्या छोट्या किचनमध्ये होती. पॅटी वही घेऊन उभी. गिरिजाला काचेपलीकडच्या कॉरिडॉरमध्ये बसवलेलं, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. पॅटीने सांगितलं की काहीतरी साधं करा, सँडविच केलंत तरी चालेल. सँडविच? तीस दिवस मी काय सँडविचसाठी वरण अंगावर घेतलं होतं? मी पिशवीतून मिसळणाचा डबा काढला, डाळ-तांदूळ काढले, कुकर काढला. पॅटीने तो कुकर बघितला आणि ती एक पाऊल मागे सरकली.

कुकर व्यवस्थित झाला. तोवर मी गोळ्यांची डबी भरली, शर्टांच्या घड्या घातल्या, अर्ध्या गुलाबीचं पूर्ण नाव एका दमात म्हणून दाखवलं. आता राहिली फोडणी. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, लाल मिरची पडली. प्लॅनप्रमाणे आठव्या सेकंदाला वरण ओतायचं होतं. पाचव्या सेकंदाला छतावरचा अलार्म किंचाळला.

तो एकट्या किचनचा अलार्म नव्हता. तो सबंध बिल्डिंगचा होता. कॉरिडॉरमध्ये दारं उघडायला लागली, वॉकरचे आवाज यायला लागले, कोणीतरी माइकवरून सगळ्यांना लॉनवर जायला सांगू लागलं. मी काचेतून गिरिजाकडे बघितलं. आयुष्यभर अशा वेळी मी तिच्याचकडे बघत आलोय. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि सरळ पाठ फिरवून तळ्याकडे तोंड केलं.

झालं, आता आपलं आपणच, असं मी मनाशी म्हणालो. स्टोव्ह बंद केला. फोडणीवर झाकण ठेवलं. खिडकी उघडली. बाहेर आलो तर एक नव्वदीचे गृहस्थ पत्त्यांचा डाव मोडायला तयार नव्हते. त्यांचे पत्ते त्यांच्याच खिशात घातले, कोपराला धरलं आणि हळूहळू लॉनवर नेऊन बाकावर बसवलं. तेवढ्यात बारा वाजले. बाराची गोळी खिशात होती, ती मी नळाच्या पाण्याबरोबर घेतली. पॅटी हे सगळं बघत होती. फायर ब्रिगेडची माणसं आत जाऊन, वरणाचा वास घेऊन, हसत परत आली.

“मिस्टर टेंबे,” पॅटी म्हणाली, “अकरा वर्षांत अख्खी बिल्डिंग रिकामी करून पास झालेले तुम्ही पहिलेच.”

पास. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी थोडं थोडं दोन्ही केलं. गिरिजा आली. पाठ फिरवून उभी होती तेव्हा तिने पर्सची कडी ओढून ओढून तोडून टाकली होती. ती मला दाखवत म्हणाली की धावत आत यायचा मोह आवरणं हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

पुढच्या महिन्यात आम्ही ‘ए’ बिल्डिंगमध्ये राहायला आलो. दोघं, एका छताखाली. मी सकाळी चहा करायचो (दोन कप पाणी, अकरा ग्रॅम साखर), गिरिजा पूर्वेच्या बाल्कनीत बसून प्यायची आणि मला वाटायचं, जिंकलं आपण. नवव्या दिवशी तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली की ती मिरजेला जातेय, बहिणीकडे. सात आठवडे.

मी विचारलं, कोण कोण?

“मी एकटी,” ती म्हणाली. “एकेचाळीस वर्षांत माहेरी सलग दहा दिवस राहिले नाही हो. आई आजारी होती तेव्हाही निघून आले. तुम्ही फोनवर विचारलंत, दूध नासलं हे कसं ओळखायचं. आता मला काळजी नाही. तुम्ही सही-शिक्क्यानिशी पास झालात.”

तो फोन मला आठवत होता. आपण नुसता एक प्रश्न विचारला अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. मला फार वाईट वाटलं, आणि मी तिला म्हणालो की जा, खुशाल जा, मी मजेत राहीन. मंगळवारी तिला एअरपोर्टला सोडून आलो. जिच्यापासून दूर राहावं लागू नये म्हणून मी तीस दिवस वरणाशी कुस्ती केली, ती मी कुस्ती जिंकल्यामुळेच निघून गेली होती.

आता एक कबूल करतो. मला वरण-भात येतो. फक्त वरण-भात येतो. बुधवारी वरण-भात, गुरुवारी वरण-भात, शुक्रवारी सकाळचा वरण-भात. दाढी करायला उत्साह राहिला नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायला मात्र गिरिजाने बजावून सांगितलं होतं, तो मी नेमाने लावायचो. फ्लॅटमध्ये फळी एकच, त्यामुळे देव तिथेच आणि गिरिजाचा फोटोही तिथेच.

शुक्रवारी संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या डोरोथीबाई कम्युनिटीचं पत्रक द्यायला आल्या. दार उघडंच होतं. तीन दिवसांची दाढी वाढलेला एक म्हातारा बाईच्या फोटोपुढे दिवा लावून उभा आहे, असं दृश्य त्यांना दिसलं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, कधी? मी म्हणालो, मंगळवारी. त्यांनी मला मिठीच मारली.

शनिवारी त्या कॅसरोल नावाची ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची डिश घेऊन आल्या. तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता आणि मी खुलासा करणार होतो. देवाशपथ, तोंड उघडलंही होतं. पण डिश गरम होती, वर चीज होतं आणि मी सलग सात वेळा वरण-भात जेवलेला माणूस होतो. रविवारपासून तिघी शेजारणींनी वार वाटून घेतले. आमच्या आजोबांनी पुण्यात वार लावून शिक्षण पुरं केलं. मी बहात्तराव्या वर्षी ॲरिझोनात वार लावले.

सोमवारी गिरिजाचा फोन आला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, काय जेवलात? मी म्हणालो, कॅसरोल. ती म्हणाली, “स्वतः केलंत?”

मी ‘हो’ म्हणालो. का म्हणालो ते मला विचारू नका.

ती भलतीच खूश झाली. तिकडे बहिणीला हाका मारून सांगायला लागली की यांनी ओव्हनमध्ये आपलं आपण काहीतरी केलं. मला ते ऐकवेना आणि फोनही ठेववेना. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला की तुम्ही एवढे तरबेज झालात, आता मी निवांत आहे, परतीचं तिकीट महिन्याने पुढे ढकललंय.

इतकं दुःखी मला कधी वाटलं नव्हतं. मग डोरोथीबाईंनी आणलेलं ते पत्रक उघडलं. जोडीदार गमावलेल्यांसाठी दर गुरुवारी चार वाजता ‘बी’ हॉलमध्ये बैठक असते. मी नाव दिलंय. तिथे केक असतो म्हणतात.